स्कोप कोणाच्या डोळ्याला बसवायचा

यंदाही थंडी आली आणि असोद्याच्या रस्त्याला पऱ्हाट्यांचा धूर दिसायला लागला. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्यांच्या जाळात भरताची वांगी भाजतात; पांढुरकी हिरवी, एका हातात न मावणारी. वांग्याचं साल तडकतं, रस काड्यांवर गळतो आणि जो वास सुटतो त्यानं कोणालाही भूक लागावी. मला आधी हेवा वाटतो. भूक मागाहून लागते.

हेवा कोणाचा, तर माझ्या धाकट्या जावेचा, मनीषाचा. ती धुळ्याची. माझं माहेर रावेरचं, केळीच्या बागांतलं. दोघी दिल्या गेलो जळगावच्या एकाच घरात. जावा जावा उभा दावा असं म्हणतात, पण आमचा दावा कधी उभा राहिलाच नाही. ती भांडतच नाही हो. भांडली असती तर मी केव्हाच जिंकले असते, आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, वीतभर उंच, मान लांब, आणि डोळे असे की अंगणातून समोरच्या गच्चीवरचं वाळवण कुरडयांचं की पापडांचं ते सांगते. मला चष्मा आठवीपासून. आता तर वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारा, म्हणजे मधे कुठंच नीट न दिसणारा.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक रायफल आली. घाबरू नका, छर्ऱ्याची एअर रायफल. शहराबाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं लांबच लांब गोदाम आहे. पारोळ्याचे एक निवृत्त सुभेदार, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी तिथं नेमबाजीची रेंज काढली. रविवारी सकाळी बायकांची बॅच. तीही फक्त थंडीत, कारण वर पत्रा आहे आणि आमच्या जळगावचा उन्हाळा पत्र्याखाली कोणाला बसू देत नाही. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या कॅम्पात मी चार गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यातली एक मध्यावर लागली होती. तेवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर स्वतःला नेमबाज समजत आले. नवऱ्याकडे हट्ट केला. पहिल्यांदाच केला असेल, म्हणून त्यानंही ऐकलं.

या प्रकारात उभं राहायचं नसतं, आडवं पडायचं नसतं. टेबल, खुर्ची, टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर टेकवलेली रायफल. समोर दूर भिंतीपाशी एक कागद, त्यावर गोलांच्या रांगा, आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो दिसायचा तर रायफलीवर दुर्बीण हवी, तिला सगळे स्कोप म्हणतात. गुडघे दुखणाऱ्या, पंचेचाळिशी गाठलेल्या भूगोलाच्या बाईसाठी याहून बरा खेळ नाही. बसल्या जागी करायचं, आणि नाव मात्र नेमबाजीचं.

नानांनी दोन स्कोप दाखवले होते. एक खूप मोठं करून दाखवणारा, चाळीस पट. दुसरा त्याच्या निम्म्यानं. मी चाळीसवाला उचलला. बाजारात वांगं निवडावं तसं, मोठं ते चांगलं. नाना म्हणाले, "बाई, आकडा पाहू नका. डोळ्याला सुख कशात आहे ते पाहा." आकडा दिसतो, सुख दिसत नाही, त्यामुळे मी आकडाच घेतला.

घरी आल्यावर कळलं. स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवला म्हणजे पुरं चित्र दिसतं, ते अंतर ठरलेलं असतं. नाना त्याला आय रिलीफ म्हणत. माझ्या स्कोपचं हे अंतर आखूड होतं, आणि पट वाढवत नेले की आणखी आखूड व्हायचं. त्यात माझा चष्मा. डोळा हवा तितका जवळ न्यावा तर चष्म्याची काच स्कोपच्या रबरी काठाला टक्कन लागायची. मागे घ्यावा तर चित्राभोवती काळं कडं. डोळा केसभर डावीकडे गेला की उजव्या काठावर काळी चंद्रकोर, उजवीकडे गेला की डावीकडे. शिवाय पट वाढले की चित्र अंधारून येतं. आणि छातीचे ठोके? टेबलाला नुसतं कोपर टेकलं तरी तो ठिपका माझ्या नाडीबरोबर उड्या मारायचा. मोठ्या प्रमाणाच्या नकाशात गाव मोठं दिसतं पण जिल्हा मावत नाही, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर शिकवते. स्वतःच्या खरेदीत मात्र आठवलं नाही.

मनीषा सोबत म्हणून यायची. चहाची बाटली धरायला, असं मी म्हणायचे. एका रविवारी माझा डोळा पाण्यानं भरून आला म्हणून मी उठले आणि सहज म्हणाले, बस जरा. ती बसली. मान पुढे केली, गाल टेकवला, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या टेबलावरच्या बाईचा छर्रा पत्र्यात गेला.

"अक्का, बठ्ठं दखास! छर्रानं भोक भी दखास!"

मला अक्का म्हणते ती. धुळ्याची अहिराणी एरवी घरात दाबून ठेवते, आनंद झाला की तिला धीर राहत नाही. बठ्ठं दखास, म्हणजे सगळं दिसतंय. मी निवडलेल्या, मी हट्ट करून घेतलेल्या स्कोपमधून मला चंद्रकोरी दिसत होत्या आणि हिला बठ्ठं. त्या क्षणी माझ्या पोटात जे काही पेटलं ते पऱ्हाट्यांनी पेटलं नसतं. मी म्हणाले, "छान. ऊठ आता."

पण ती एकदा बसली ती बसलीच. दर रविवारी अर्धा वेळ माझा, अर्धा तिचा. आणि इथून सुरू झालं ते खरं. स्कोप रायफलीवर दोन कड्यांत बसवलेला असतो. कड्यांचे स्क्रू ढिले केले की तो पुढेमागे सरकतो. माझी मान आखूड, मला स्कोप मागे हवा, म्हणजे चित्रासाठी मान ताणावी लागत नाही. तिची मान लांब, तिला पुढे हवा. मी ॲलन-कीनं स्क्रू सोडायचे, बोटभर मागे ओढायचे. ती हसत हसत पुढे ढकलायची. दर वेळी नेम पुन्हा जुळवून घ्यावा लागायचा, त्याला झिरो करणं म्हणतात. अर्धी सकाळ त्यातच जायची. नाना लांबून बघायचे आणि कपाळाला हात लावायचे.

बोटभराचा प्रश्न. पण ज्या बाईनं एका स्वयंपाकघरात जावेबरोबर संसार केला आहे तिला विचारा, बोटभर म्हणजे किती ते. मी तिखटाचा डबा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवते, संध्याकाळी तो उजवीकडे असतो. पोळपाट मी उभा ठेवते, ती आडवा. कोणी कोणाला काही बोलत नाही. डबे बोलतात.

खरं सांगायचं तर तेव्हा मी तिच्याकडेही चाळीस पटांनीच बघत होते. तिची मान. तिची ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, जी प्रत्येक वेळी फुगते. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालताना तिचा न थरथरणारा हात. तो हात न थरथरता रायफलीच्या घोड्यावर जायचा, श्वास थांबायचा, आणि समोर कागदावर भोकाशेजारी भोक. इतकं जवळून पाहिलं की हात दिसतो, बाई दिसत नाही. मला बाई पाहायचीच नव्हती. हातच डोळ्यांत खुपत होता, आणि तो मी पुनःपुन्हा पाहत होते. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं.

परवा शाळेत एक नवीन बाई म्हणाल्या, हेवा वाटणं वाईट हो, आपलंच रक्त जळतं. मी म्हणाले, बाई, रक्त जळतं म्हणून तर थंडीत उबदार वाटतं. त्या हसल्या. मी हसले नाही.

संक्रांतीच्या सुमाराला धुळ्याच्या क्लबची स्पर्धा निघाली. नानांकडून काही जणी जाणार होत्या. नियम साधा होता, एका रायफलीवर एकच नाव. नाना आमच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले. कामाचं बोलायचं झालं की त्यांचीही पारोळ्याची अहिराणी वर येते.

"आते हाई सरकाडसरकाडी बंद. डोयानी स्कोपना मांगे धावाले नको. स्कोप कोना डोयाले बसाडना ते घरमा ठरावा. एकदाव कसा, मंग हात लावू नका."

म्हणजे ही सरकवासरकवी बंद, स्कोप कोणाच्या डोळ्याला बसवायचा ते घरी ठरवा, एकदा कसा आणि मग हात लावू नका. मग आम्हा दोघींकडे बघून ते उठले आणि कपाटातून तो दुसरा स्कोप घेऊन आले. निम्म्या पटांचा. शुद्ध मराठीत म्हणाले, "नाहीतर हा लावून बघा. दोघींना चालेल."

मी बसले. चष्म्यासकट बसले. आणि काय सांगू, डोळा टेकवायचाही नव्हता. चष्म्याची काच आणि स्कोप यांच्यात अंगठा आडवा मावेल एवढी जागा, तरी चित्र पुरं. उजळ, गोल, काठापर्यंत स्वच्छ. मान जरा हलवली, चंद्रकोर आली नाही. खुर्ची मागे घेतली, तरी चित्र जागेवर. मी तिथून उठले आणि मनीषा बसली. तिची मान लांब, तरी तिलाही पुरं दिसलं. स्कोप तसूभरही न हलवता. ठिपका लहान दिसत होता, हे खरं. छर्ऱ्याचं भोक दिसत नव्हतं, नेमावर विश्वास ठेवून पुढचा छर्रा झाडायचा. पण डोळा शांत, मान शांत. असं काही डोळ्याला लागलं की कळतं, आपण इतके दिवस डोळे वटारून जगत होतो.

"अक्का, हाऊच लेवूत," मनीषा म्हणाली. हाच घेऊ या. "मंग तुम्ही जा नही ते मी जासू, कोनी भी चाली."

मी म्हणाले, "नको. चाळीसच बरा."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. का नको, ते त्यांना सांगणं मला जमलं नसतं. इथं सांगते, कारण मला त्याची लाज वाटत नाही. जो दोघींना चालेल तो मला नको होता. दोघींना सारखंच दिसायला लागलं असतं तर फक्त हात उरले असते, आणि हातांचा निकाल मला ठाऊक होता. चाळीसवाला एकीलाच सामावून घ्यायचा. ती एक मी असायला हवी होते.

घरी भरताचा बेत होता. अंगणात विटा मांडून पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, सासूबाई पाटावर बसून सोललेली वांगी लाकडी बडगीत कुटत होत्या. प्रश्न त्यांच्यापुढं गेला. आमच्याकडे चूल कोणी पेटवायची इथपासून पोराचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत सगळं त्या बडगीपाशी ठरतं. त्यांनी कुटणं थांबवलं नाही. म्हणाल्या,

"मोठी आधी आली. मोठीच्या डोयाले बसवा. धाकटीचं काय, तिचे डोये अजून लय दिवस चालतीन."

जिंकले. आणि असं जिंकणं कोणाला कधी मिळू नये. माझा मान राखला तो माझे डोळे जायला लागले म्हणून. मनीषानं खाली मान घालून भरतावर कांद्याची पात चिरून घातली. तिचं नाक लाल झालं होतं. कांद्यानं की कशानं ते विचारायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी नानांनी स्कोप मागे ओढून, माझ्या डोळ्याला बसवून, स्क्रू कायमचे कसले.

धुळ्याला आम्ही दोघीही गेलो. ती माहेरच्या गावात चहाची बाटली धरून माझ्या मागे उभी. तिथल्या रेंजवर सकाळी असं गार होतं की श्वासाची वाफ दिसत होती. मी गाल टेकवला, श्वास सोडला, आणि चष्मा धुक्यानं भरला. काच आणि स्कोपमध्ये वाऱ्यालाही जागा नव्हती ना. पुसला, पुन्हा भरला. पाचव्या-सहाव्यांदा मनीषानं मागून ओढणीचं टोक पुढे केलं. ते सुती होतं, माझ्या पदराहून चांगलं पुसलं गेलं. याही गोष्टीचा मला राग आला.

नाव कुठंतरी मधे लागलं. फार वाईट नाही, सांगण्यासारखंही नाही. दुपारी तिच्या आईनं जेवायला नेलं. माझी ओटी भरली, खण, नारळ, हातावर तिळगूळ. म्हणाली, "आमनी पोर दरदिन फोनवर सांगस, अक्कानीच माले शिकाडं." आमची पोर रोज फोनवर सांगते, अक्कानेच मला शिकवलं. मी काय शिकवलं होतं? बस म्हणाले होते आणि ऊठ म्हणाले होते. त्या माउलीच्या घरात बसून तिच्या हातचं जेवताना मला तिच्या लेकीचा हेवा वाटला. माझी आई होती तेव्हा मी तिच्याशी फोनवर कोणाबद्दल कधी चांगलं बोलले होते, ते मला आठवेना.

पावसाळ्याआधी धाकट्या दिरांची बदली धुळ्याला झाली. मनीषाचं सामान टेम्पोत चढलं. तिखटाचा डबा त्यानंतर आजवर डाव्या कोपऱ्यातच आहे. स्कोपही माझ्याच डोळ्याला आहे. कोणी हलवत नाही. रविवारी मी एकटी जाते, बसते, आणि चंद्रकोरी मोजते.

तिनं तिकडे स्वतःची रायफल घेतली, त्यावर तो निम्म्या पटांचा स्कोप. फोटो पाठवते. फोटोत ती खुर्चीत अशी रेलून बसलेली असते की वाटावं बाई नेम धरत नाहीय, टीव्ही बघतेय. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहते. मोठा करण्याची खोड काही जात नाही.

गेल्या रविवारी ती भरतासाठी आली. गाडीच्या मागे रायफल. म्हणाली, चला नानांकडे. मी माझीही रायफल घेतली. गोदामात तोच पेंडीचा जुना वास, पत्र्याच्या भोकांतून तेच उन्हाचे कवडसे. तिनं आपली रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली, बाजूला झाली. "बसा ना अक्का."

बसताना मला स्कोपच्या काळ्या नळीवर दोन बारीक रेघा दिसल्या. नेलपॉलिशच्या. पुढची लाल, मागची मोतिया. स्कोप लाल रेघेवर कसलेला होता.

"हे काय?"

"लाल मन्ही," ती म्हणाली. "पांढरी तुमनी शे. तुम्ही येशात तवय स्कोप आठे सरकाडना." म्हणजे मी आले की स्कोप त्या मागच्या रेघेवर सरकवायचा.

"आणि झिरो?"

"पुन्हा करसू. त्यामा काय?"

मी त्या मोतिया रेघेकडे बघत राहिले. धुळ्यात बसून, मी शेजारी नसताना, माझ्या आखूड मानेचा अंदाज घेऊन तिनं ती ओढली होती. आणि ऐका, त्या स्कोपला खुणेची गरजच नाही. डोळा कुठंही ठेवा, तो सांभाळून घेतो. मी स्वतः बसून पाहिलं होतं की. तरी तिनं खूण केली. ज्याला गरज होती त्या माझ्या स्कोपवर तिच्या डोळ्याची एक रेघसुद्धा मी ठेवली नव्हती.

म्हणजे यातही ती पुढे. नेमात पुढे, पुरीत पुढे, आणि आता मन मोठं करण्यातही माझ्या आधी पोचून बसलेली. मला वाटलं होतं, निदान थोरलेपणा तरी माझ्याकडे उरेल. तोही हिनं दोन रुपयांच्या नेलपॉलिशनं नेला. असा हेवा मला आजवर कोणाचा वाटला नव्हता. डोळे भरून आले, आणि त्यांना चाळीस पट कारणीभूत नव्हते.

मी उठले. नानांच्या टेबलावरून ॲलन-की आणली आणि माझ्या रायफलीचे, त्या हिवाळ्यापासून कोणी हात न लावलेले, स्क्रू सोडले. एक गंजला होता, जोर लावावा लागला. नाना लांबून म्हणाले, "बाई, कसेल शे तो!" मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बस इथं," मी मनीषाला म्हणाले. "मान टेक. मी पुढे सरकवते, पुरं दिसलं की थांब म्हण."

ती बसली. मी स्कोप केसाकेसानं पुढे ढकलत होते, ती मान न हलवता बघत होती. मग म्हणाली, "बस, अक्का. बठ्ठं दखास."

"आता तुझ्या पर्समधली ती नेलपॉलिशची बाटली दे," मी म्हणाले. "आणि हलू नको." चष्मा नाकावर नीट बसवला, श्वास रोखला, आणि रेघ ओढायला घेतली. तिच्या रेघा जराशा तिरक्या होत्या, मी पाहून ठेवलं होतं. माझी सरळ यायला हवी होती.